ऑनलाइन सभेत सभासदाचे काय उघडे पडते

सप्टेंबर लागला की कृष्णाकाठी सभांचा हंगाम सुरू होतो. साखर कारखाने, दूध संघ, विकास सोसायट्या, पतसंस्था, नागरी बँका, सगळ्यांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. कारखान्याच्या आवारात मांडव पडतो, अहवाल आधीच घरोघर गेलेले असतात, विषय पुकारला की ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून ऊसदराचा प्रश्न विचारतो. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने ही रीत मोडली. राज्य सरकारने आधी सभांची मुदत वाढवली, मग व्हिडिओ कॉन्फरन्सिंग किंवा अन्य दृकश्राव्य माध्यमातून सभा घ्यायला वाट करून दिली. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात सभासदाच्या व्हॉट्सॲपवर लिंक येऊ लागली.

त्या सभांबद्दल लोकांची मुख्य तक्रार माइकची होती. सभासदाचा आवाज बंद ठेवून विषय मंजूर करून घेतले जातात, असे तेव्हा ठिकठिकाणी बोलले गेले. तक्रार रास्त होती. पण दुसरा एक प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही, आणि साथ सरली तरी ऑनलाइन बैठका काही बंद झालेल्या नाहीत, म्हणून तो आता विचारायला हवा. मांडवातली सभा संपली की इतिवृत्त उरते. पडद्यावरची सभा संपली की मागे काय काय उरते, आणि ते कुणाच्या ताब्यात असते?

सहकार म्हणजे सगळा कारभार उघडा, मग सभेत लपवायचे काय, असे काही जण म्हणतात. सहकाराचा कायदा मात्र असे म्हणत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचे ३२ वे कलम काढून पाहा. सभासदाला कार्यालयात जाऊन काय काय पाहता येते, याची यादी त्यात आहे. कायदा, नियम, पोटनियम, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते. आणि यादीच्या शेवटी एक मर्यादा घातली आहे. हिशेबाच्या वह्यांमधला फक्त तेवढाच भाग, ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे संस्थेशी झालेले व्यवहार नोंदले आहेत. संस्थेचा ताळेबंद कोणत्याही सभासदाला पाहता येतो. शेजाऱ्याच्या कर्जखात्याचे पान उघडता येत नाही. कारभार करणाऱ्यांवर उजेड आणि सामान्य सभासदावर पांघरूण, अशी ही वाटणी आहे. गावात संगणक कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाची. व्हिडिओ सभेच्या खासगीपणाचा सगळा विचार या एका कलमावर उभा करता येतो, असे माझे मत आहे, आणि या प्रकरणात मी तेच करणार आहे.

अडचण अशी की पडद्यावर ही वाटणी नेमकी उलटी होते. कारभारी कॅमेरा बंद करून बसू शकतात, पण सभासदाचे नाव, नंबर आणि येण्याजाण्याची वेळ यंत्र आपोआप टिपते.

हजेरीच्या यादीपासून सुरुवात करू. सभेच्या खिडकीत एका बाजूला नावांची एक पट्टी असते. पहिल्या काही ऑनलाइन सभांमध्ये त्या पट्टीत माणसांची नावे कमी आणि ‘रेडमी’, ‘ओप्पो’, ‘सॅमसंग’ अशी फोनांची नावे जास्त दिसायची, कारण फोनला जे नाव दिलेले असते तेच यंत्र उचलते. कुठे नातवाचे नाव, कुठे दुकानाचे. गणपूर्ती मोजायची कशी, असा पेच पडला की संस्था मग सूचना काढते: सभासद क्रमांक, पूर्ण नाव आणि गाव लिहूनच आत या. सूचना कामाची आहे. पण तिच्यामुळे त्या पट्टीचा एक स्क्रीनशॉट म्हणजे सभासद नोंदवहीचे पान होऊन बसतो. ते पान आता कार्यालयात, कामाच्या वेळेत, कारकुनासमोर बसून पाहायचे राहत नाही. अर्ध्या मिनिटात ते चार गटांवर फिरते. फोनवरून जोडलेल्याचा मोबाइल नंबर तिथेच दिसत असेल तर तोही गेला. कर्जाच्या, विम्याच्या, ‘केवायसी अपडेट करा’ म्हणणाऱ्या फसव्या फोनांना यापेक्षा सोयीची यादी कोणती? समोरच्याला तुमची संस्था, गाव आणि सभासद क्रमांक सांगता आला की साधा माणूस सहज विश्वास ठेवतो.

उपाय अवघड नाही. सभासद क्रमांक आत येण्यापूर्वी, प्रतीक्षा कक्षात एका नेमलेल्या माणसाने तपासावा आणि आत आल्यावर पट्टीत फक्त नाव राहावे. सभासदांना एकमेकांची पूर्ण यादी दिसू न देण्याची सोय बऱ्याच प्रणालींमध्ये असते. ती वापरावी.

पण हजेरीचा खरा धोका फसव्या फोनांपेक्षा जवळचा आहे. सातारा-सांगलीत कारखान्याची निवडणूक आमदारकीइतकी चुरशीची होते. पॅनेल पडतात, घरे फुटतात, एकाच वाड्यातले दोन भाऊ दोन पॅनेलमध्ये असतात. अशा वेळी कोण कुणाच्या बैठकीला किती वेळ बसला, ही माहिती सभेत काय बोलले गेले यापेक्षा मोलाची ठरते. ज्याचा ऊस कुणाच्या तरी मर्जीने वेळेवर तुटायचा असतो, ज्याची तोडणीची पाळी लांबू शकते, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आणि व्हिडिओ सभेची प्रणाली हीच माहिती सर्वांत चोख ठेवते: नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, कोणत्या आयपी पत्त्यावरून जोडला, किती वेळा बोलला. संवाद जपून ठेवलेला नसला तरी ही यादी सर्व्हरवरच्या नोंदींमध्ये राहते.

या मुलखाला हे नवे नाही. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी राजवटीला समांतर असे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथल्या खेड्यांमधून चालले. तेव्हा सातारा हा एकच मोठा जिल्हा होता. सांगलीचा भाग ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला तो १९४९ साली, आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. भूमिगतांची बैठक कुठे झाली आणि तिला कोण होते, हे पोलिसांना कळू न देण्यावर माणसांचे जीव अवलंबून होते. बैठकीत काय ठरले हे पोलिसांना उशिरा कळले तरी चालण्यासारखे होते, नावे कळून चालणार नव्हती. पुढे त्याच पिढीची नावे इथल्या सहकाराला लागली. भुईंजचा कारखाना किसन वीरांच्या नावाने आहे, कुंडलचा क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांच्या, आणि वाळव्याचा कारखाना नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा किसन अहिरांच्या नावाने उभा केला. ज्यांच्या पाट्या या कारखान्यांवर आहेत, त्यांनी उपस्थितांची यादी हा सर्वांत नाजूक कागद मानला असता, यात मला शंका नाही.

खासगीपणा ही शहरी, शिकलेल्यांची हौस आहे, असा एक समज आहे. तो खोटा ठरवायला म्हसवडला जावे. माण तालुक्यातल्या या दुष्काळी गावात १९९७ साली चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही यंत्राशिवाय करतो, तुमचे अधिकारी करतात का बघा, असे त्यांनी तिथे सांगितले. परवाना मिळाला. पुढे बँकेचे व्यवहार डिजिटल करायची वेळ आली तेव्हाचा एक प्रसंग सिन्हा यांनी जाहीर भाषणात सांगितला आहे. बँक प्रत्येकीला पिन क्रमांक द्यायला निघाली होती. एका खातेदार बाईने हरकत घेतली: पिन कुणीही चोरेल आणि माझे कष्टाचे पैसे काढून नेईल, माझा अंगठा कुणी चोरू शकत नाही. बँकेने अंगठ्याची पद्धत आणली.

या बाईने कोणता धोका ओळखला होता, ते नीट बघण्यासारखे आहे. पिन चोरायला परदेशातला कुणी भामटा लागत नाही. जो तिला तो वाचून दाखवेल, जो तिच्या मागे उभा राहील, ज्याच्या हातात घरचा फोन असेल, त्याला तो आयता मिळतो. सुरक्षेची रचना करणारे बहुतेक जण दूरच्या चोराचा विचार करतात. तिने जवळच्याचा केला. (अंगठ्यालाही मर्यादा आहे. ठशाची नक्कल एकदा झाली की अंगठा बदलता येत नाही. पण त्या काळी, त्या गावात, तिचा निर्णय बँकेच्या निर्णयापेक्षा शहाणपणाचा होता.)

हीच नजर व्हिडिओ बैठकीकडे वळवा. बचत गटाची किंवा महिला पतसंस्थेची ऑनलाइन बैठक बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर चालते, सोप्यात, सगळ्यांच्या देखत. अध्यक्षबाईंनी ‘तुमचा हप्ता थकला आहे’ असे मोठ्याने म्हटले की घरातल्या चौघांना ते कळते, कदाचित सासूला पहिल्यांदाच. इथे कोणतेही कूटलेखन (एन्क्रिप्शन) कामाचे नाही. इथे लागतो एक साधा दंडक: व्यक्तीच्या कर्जाचा, थकबाकीचा किंवा वारसाचा विषय सामूहिक बैठकीत नाव घेऊन काढायचा नाही, तो त्या बाईशी वेगळा बोलायचा. आणि पडद्यावर एक्सेलचा तक्ता दाखवताना आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल यांचे रकाने काढून टाकलेली प्रत वेगळी तयार ठेवायची. ऐनवेळी रकाना लपवू म्हटले की राहूनच जाते.

आता ध्वनिचित्रमुद्रणाकडे येऊ. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बटणावर विश्वास ठेवणाऱ्यांची इथे फसगत होते.

बिगब्लूबटन नावाची एक मुक्तस्रोत प्रणाली आहे. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये तिची सुरुवात झाली, मुळात शिकवण्यासाठी. मुक्तस्रोत म्हणजे तिचा आराखडा कुणालाही वाचता येतो आणि स्वतःच्या सर्व्हरवर ती कुणालाही चालवता येते. त्यामुळे जगभरच्या शाळांनी आणि सहकारी संस्थांनी ती उचलली. तिच्यात वर एक मुद्रणाचे बटण असते. साधा माणूस समजतो की ते दाबले की मुद्रण सुरू, पुन्हा दाबले की बंद. प्रत्यक्षात, बैठक तयार करतानाच ‘मुद्रणाला परवानगी’ दिलेली असेल, तर सर्व्हर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळेच टिपत असतो, बटण दाबा अगर न दाबा. बटण फक्त खुणा करते: इथून इथपर्यंतचा भाग पुढे जाहीर ध्वनिचित्रफितीत घ्या. उरलेला कच्चा माल सर्व्हरवर पडून राहतो. सभा सुरू होण्याआधी दोन संचालक आपसात जे बोलले, मधल्या सुट्टीत कुणी कुणाबद्दल जे म्हटले, ते त्यात असू शकते. या प्रणालीच्या कर्त्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. खासगीपणाविषयीच्या त्यांच्या स्वतःच्या माहितीतच ती लिहिलेली आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये खुणेबाहेरचा आवाज आणि चित्र न टिपण्याची सोयही त्यांनी दिली. पण ती सोय आपोआप लागू होत नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्याने ती लावावी लागते.

मालकी हक्काच्या बंद प्रणालीत असे काही घडत असते तर बाहेरच्या कुणाला कळणे कठीण होते. मुक्तस्रोताचा मोठा गुण मला हा वाटतो की दोष सापडतो आणि तो चारचौघांत मांडला जातो. दोष नसतोच, असे मात्र कुणी समजू नये.

याच प्रणालीच्या सर्व्हरसाठी जी यंत्रसामग्री सुचवली जाते, तीत एक आकडा फार बोलका आहे. मुद्रण करायचे असेल तर ५०० जीबी साठवण, मुद्रण बंद ठेवायचे असेल तर ५० जीबी. दहापट फरक. जे साठवले नाही ते चोरीला जात नाही, कोर्टातून मागवले जात नाही, निवडणुकीत कापून-जोडून फिरवले जात नाही, आणि त्याला भाडेही पडत नाही. सर्वसाधारण सभेचे मुद्रण ठेवावे या मताचा मी आहे, कारण ती उघडी सभा आहे आणि कारभाऱ्यांनी दिलेली उत्तरे सभासदांच्या हाती पुरावा म्हणून असली पाहिजेत. गट-बैठका, कर्ज समिती, तक्रारींची सुनावणी यांचे मुद्रण मात्र ठेवू नये. तिथे लेखी इतिवृत्त पुरते.

मतदानाचेही तसेच. हात वर करून घ्यायच्या मतदानात प्रश्न नाही, पण गुप्त मतदानाच्या जागी प्रणालीतली कौल घेण्याची सोय वापरली तर कुणी काय निवडले हे सूत्रधाराच्या पडद्यावर नावानिशी दिसू शकते. बिगब्लूबटनमध्ये निनावी कौलाचा वेगळा पर्याय आहे. तो निवडावा लागतो. संचालक मंडळाची निवडणूक तर असल्या साधनाने घेऊच नये, तिला तिची स्वतःची यंत्रणा आहे.

कूटलेखनाविषयी थोडक्यात, पण नेमके सांगतो, कारण या शब्दाखाली ग्राहकांना बरेच काही खपवले गेले आहे. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत आवाज आणि चित्र कुलूपबंद जाते, ही गोष्ट आज जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. वाटेत, चौकातल्या वायफायवर बसलेल्याला ते ऐकता येत नाही. पण सर्व्हरवर ते कुलूप उघडते, आणि तिथून ते बाकीच्यांना पुन्हा कुलूप लावून पाठवले जाते. म्हणजे सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला मनात आणले तर ऐकता येते. दोन टोकांचे कूटलेखन याहून वेगळे असते: त्यात किल्ली फक्त सभेत बसलेल्यांच्या फोनांमध्ये असते आणि सर्व्हर नुसता बंद पेट्या पुढे ढकलतो. झूम या कंपनीने आपल्याकडे हे दुसरे कूटलेखन असल्याचा दावा वर्षानुवर्षे केला आणि प्रत्यक्षात ते तसे नव्हते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला; नोव्हेंबर २०२० मध्ये त्यावर तडजोड झाली. त्याआधी, १६ एप्रिल २०२० रोजी, आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून झूमने खरे दोन टोकांचे कूटलेखन द्यायला सुरुवात केली. तेव्हा ते २०० जणांपर्यंतच्या बैठकीत चालत असे, आणि ते सुरू केले की साध्या फोनवरून सभेला जोडता येत नाही.

ही शेवटची अट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या वाड्यावस्त्यांवर रेंज जाते-येते. अनेक जुन्या सभासदांकडे बटणांचाच फोन आहे, आणि नंबर लावून सभा ऐकणे एवढेच त्यांना जमते. सर्वांत कडक कूटलेखन लावले तर हा सभासद दाराबाहेर राहतो. सर्वसाधारण सभेत मी त्याची बाजू घेईन. ती सभा मुळात उघडी आहे, तिथे कूटलेखनापेक्षा त्याचे आत असणे मोठे. संचालक मंडळाची गोष्ट वेगळी. मंडळात कायद्याने जास्तीत जास्त २१ संचालक असतात, प्रत्येकाकडे चांगला फोन असतो, आणि तिथे कुणाच्या कर्जाचे, कुणावरच्या कारवाईचे विषय निघतात. तिथे दोन टोकांचे कूटलेखन न वापरायला कोणतीही सबब चालू नये.

मग सर्व्हर कुणाचा असावा? २०२० मध्ये, साथ जोरात असताना, युरोप आणि कॅनडातल्या काही सहकारी संस्थांनी याचे एक उत्तर काढले. त्यांत बार्सिलोनाची फेमप्रोकोमुन्स होती, इंग्लंडमधल्या शेफिल्डची वेबआर्किटेक्ट्स होती. त्यांनी मिळून ‘दि ऑनलाइन मीटिंग कोऑपरेटिव्ह’, म्हणजे मीट डॉट कूप, उभी केली. सर्व्हरवर बिगब्लूबटन. सेवा वापरणारे आणि यंत्रे चालवणारे, दोघेही सभासद. सभासदांच्या बोलण्यातून माहिती वेचून जाहिरातदाराला विकायचे कारणच उरत नाही, कारण नफा मिळवणारा तिसरा कुणी नाही. खर्च वर्गणीतून भागवायचा.

ही कल्पना आपल्याला अपरिचित वाटू नये. शेतकऱ्यांनी भाग भांडवल घालून साखर कारखाना काढला तो याच हिशेबाने. सातारा-सांगलीतल्या पाच-दहा संस्थांनी मिळून असा एक सर्व्हर चालवणे पैशाच्या दृष्टीने अशक्य नाही. सुचवलेली किमान सामग्री म्हणजे ८ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि चांगली जोडणी. एका चांगल्या सर्व्हरवर एका वेळी साधारण दोनशे माणसे बसू शकतात. हजारो सभासदांची सर्वसाधारण सभा त्यावर मावणार नाही, ती प्रक्षेपण करूनच घ्यावी लागेल. पण वर्षभर चालणाऱ्या शेकडो छोट्या बैठकांना तो पुरतो.

तरीही एक धोका या कल्पनेच्या प्रेमात पडणारे विसरतात, आणि तो इथे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. दूरदेशीच्या कंपनीच्या सर्व्हरला तुमचे गाव माहीत नसते. तालुक्याच्या ठिकाणी ठेवलेल्या सर्व्हरचा चालक कुणाचा तरी भाचा असतो. कंपनीला तुमची माहिती लाखोंमधली एक म्हणून हवी असते; स्थानिक चालकाला ती तुमचीच म्हणून हवी असू शकते, किंवा ती मागणाऱ्या चेअरमनला नाही म्हणणे त्याला जड जाते. सहकारी मालकीने बाहेरच्याची नजर हटते, पण आतल्याची नजर अधिक धारदार होते. म्हणून सहकारी सर्व्हरचा खरा कस सभासदाला स्वतःच्याच संचालक मंडळापासून तो किती जपतो यावर लागतो. कळीच्या नोंदी उघडायला दोन माणसांच्या दोन किल्ल्या लागाव्यात, त्यातली एक संचालक मंडळाबाहेरच्या माणसाकडे असावी. कुणी कधी नोंदी पाहिल्या याची आपोआप नोंद व्हावी आणि ती वार्षिक अहवालात छापली जावी. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत हजेरीच्या नोंदी कुणीही उघडू नयेत. ३२ व्या कलमातली ती वाटणी यंत्रात उतरवायची ती अशी.

देशाचा कायदाही आता याच दिशेने आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेच्या सचिवाला हा आकडा वाचून धडकी भरेल, पण मला त्यातले दुसरे एक कलम जास्त मोलाचे वाटते. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, याची सूचना माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळवता आली पाहिजे. म्हणजे ‘आय ॲग्री’च्या खाली इंग्रजीत दडवलेली पंचवीस पाने यापुढे पुरेशी ठरणार नाहीत. सभेची लिंक पाठवताना त्याच संदेशात चार ओळी मराठीत असाव्यात: मुद्रण होणार की नाही, हजेरी किती दिवस ठेवली जाईल, ती कोण पाहील, तक्रार कुणाकडे करायची. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असेही कायदा सांगतो. सगळे ताबडतोब पुसून टाकता येईल असे मात्र नाही, कारण सुरक्षेच्या काही तांत्रिक नोंदी ठराविक मुदतीपर्यंत ठेवण्याचे बंधन नियमांतच आहे. तेवढ्या ठेवाव्यात, मुदत संपली की काढाव्यात, आणि काढल्याचे लिहून ठेवावे.

पडद्याचे नियम लोकांनी एकत्र बसून करायचे असतात, याचा दाखला सांगलीतच आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील, मुले अभ्यासाला बसतील. कोणत्याही कंपनीने त्यांना तशी सोय दिली नव्हती. गाव बसले, ठरवले आणि पाळले.

सहकारी संस्थेत असे ठरवण्याची जागा म्हणजे पोटनियम. परिपत्रक नवा चेअरमन आला की बदलते. पोटनियम बदलायला सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा आणि निबंधकाकडची नोंदणी लागते. म्हणून एका परिच्छेदाची दुरुस्ती पुरेल, पण ती पोटनियमातच हवी. तिचा मजकूर साधारण असा असावा: ‘संस्थेच्या ऑनलाइन सभांमध्ये सभासदाची ओळख पटवण्यापुरतीच माहिती घेतली जाईल. सर्वसाधारण सभेखेरीज इतर बैठकांचे मुद्रण केले जाणार नाही. उपस्थितीच्या नोंदी गणपूर्ती आणि कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज कोणालाही, संचालकांनाही, दाखवल्या जाणार नाहीत. सभासदाचे वैयक्तिक व्यवहार पडद्यावर दाखवले जाणार नाहीत.’ या चार वाक्यांपैकी तिसऱ्याला विरोध होईल, ‘संचालकांनाही’ या एका शब्दासाठी. तो शब्द सोडू नये. पोटनियमाची दुरुस्ती आयत्या वेळच्या विषयांत घेता येत नाही, मजकूर सभेच्या नोटिशीबरोबर सभासदांकडे जावा लागतो. त्यामुळे ज्यांना हे करायचे आहे त्यांनी कच्चा मसुदा जुलैच्या आत लिहून, सभासदांच्या सह्यांनिशी, संस्थेच्या आवक-जावक खिडकीवर द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.